पाच रुपयांचा सेवा निधी : द्यायचा कुणाला?

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शेजारच्या प्रभागातील सेवा समितीच्या प्रमुख ताईंनी केलेले भाषण. बोलल्याप्रमाणेच, थोडे आवरून छापत आहोत.)



अध्यक्ष ताईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्याकडं सेवा निधी कसा वाटतात ते येऊन सांगा, आम्हालाही यंदापासून सुरू करायचाय. मी म्हटलं, येते, पण आम्ही तो वाटत नाही, हेच सांगायला येते. पहिल्या वर्षी वाटला होता. त्याची गोष्ट आधी सांगते, कारण त्यात चूक माझीच जास्त होती.

आमच्या प्रभागात हे सुरू झालं तेव्हा ३८ गट होते. सगळ्या मिळून ४१० बायका. नेहमीची बचत सोडून दर महिन्याला प्रत्येकीनं पाच रुपये वेगळे काढायचे असं ठरलं. वर्षाचे साठ रुपये. दिवाळीला फराळाचा स्टॉल लावला, त्याचा नफा त्यात टाकला. सगळे मिळून ३६,००० रुपये जमले. हा पैसा वेगळा ठेवायचा, हे तुम्हीही पहिल्या दिवसापासून पक्कं करा. फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी, जोखीम प्रवणता निधी, यांचे नियम ठरलेले आहेत. त्यातला एक रुपयाही इकडं वळवायचा नाही. आमचं सेवा निधीचं खातं वेगळं, पासबुक वेगळं आणि इतिवृत्ताचं रजिस्टरही वेगळं आहे.

तर ३६,००० जमले आणि आम्हाला वाटलं आपण लई मोठ्या झालो. तालुक्यातल्या संस्थांना कळलं, मंडळांना कळलं. अर्ज आले बारा. कुणाला नाही म्हणावं? बारापैकी आठ ओळखीचे. कुणाच्या भावाची संस्था, कुणाच्या गावचं मंडळ. मी म्हटलं, कशाला वाईटपणा घ्यायचा, बारा भागिले. प्रत्येकाला ३,००० रुपये. पुठ्ठ्याचा मोठा चेक करून फोटो काढले. पेपरात बातमी आली. घरी मालकांनी बातमी कापून ठेवली, म्हणजे बघा.

उन्हाळ्यात मी हिशेब घ्यायला फोन लावायला सुरुवात केली. दोन संस्थांचा फोन बंद. एकीच्या दारावरचा बोर्डसुद्धा काढून नेलेला. एका मंडळानं आमच्या ३,००० चा बॅनर केला, त्यावर आमचं नाव होतं, ते मोठ्या आनंदानं दाखवत होते. एका ठिकाणी लेकरांच्या वसतिगृहाला ताटं घेतली. ताटांवर प्रभागसंघाचं नाव कोरलेलं होतं, कारण आम्हीच सांगितलं होतं, काहीतरी दिसेल असं घ्या.

हे ताटांचं ध्यानात ठेवा.

आपल्या बीड जिल्ह्यात कोयता काय असतो ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको दोघं जातात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कोपीवरच संसार. तुमच्यातल्याही कितीतरी जणी जातात. आमच्या ४१० मधल्या शंभरावर जातात. लेकरं एक तर बरोबर नेतात, नाहीतर म्हातारीपाशी ठेवतात. आमच्या भागात एक छोटी संस्था आहे, ती अशा लेकरांसाठी शाळेजवळच्या दोन खोल्यांत सहा महिने वसतिगृह चालवते. ताटं त्यांनाच दिली होती.

एप्रिलमध्ये एक बाई कोयत्यावरून परत आली. गटाच्या बैठकीत मागं बसली होती. मी सेवा निधीचा हिशेब वाचत होते. वाचून झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "माझे बी साठ रुपये हायेत त्यात. मला कुणी इचारलं?"

मी म्हटलं, सभा झाली, ठराव झाला.

"कवा झाली सभा?"

सभा झाली होती डिसेंबरात. ती तेव्हा फडात होती. तिच्यासारख्या शंभर जणी फडात होत्या. महिन्याला पाच रुपये त्याही देत होत्या, कुणी तर उचलीतून आधीच भरून गेली होती, आणि ते कुठं जायचे ते आम्ही घरी राहणाऱ्यांनी ठरवलं. मंग ती म्हणाली, तिची पोरगी, तिसरीतली, त्याच वसतिगृहात होती. डिसेंबरात भाकरी करणारी बाई काम सोडून गेली, तीन महिन्यांचा पगार थकला होता म्हणून. लेकरं पांगली. म्हातारीच्यानं पोरगी आवरंना, तिनं चुलत्याबरोबर फडावर पाठवून दिली. शाळेच्या पटावर नाव होतं आणि पोरगी पाचट गोळा करत होती. "ताटं लई झाली ताई," ती म्हणाली, "एकेकाला तीन-तीन येतील. भाकर थापणारं कोण नव्हतं."

मला त्या रात्री झोप लागली नाही. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला होता तिचा. सगळ्यांसमोर बोलली म्हणून.

पण दुसऱ्या वर्षी सगळं बदललं ते तिच्यामुळं.

पहिली गोष्ट, सभा. आता आमची निवडीची सभा गौरी गेल्या की होते, टोळ्या निघायच्या आधी. आणि सात जणींची सेवा समिती केली, त्यात दोघी तरी कोयत्याला जाणाऱ्या घरातल्या पाहिजेत असा ठराव घेतला. त्या सहा महिने नसतात हे खरंय. त्यांना बैठकीच्या दिवशी फोन लावतो, स्पीकरवर ठेवतो. कधी रेंज नसते, कधी त्या मोळ्या वाहत असतात. तरी लावतो. तुमच्याकडं वीटभट्टीला जाणाऱ्या असतील, पुण्या-मुंबईला बांधकामावर जाणाऱ्या असतील, त्यांचं गणित आधी मांडा. सभेची तारीख ठरली की निम्मा निर्णय तिथंच झालेला असतो.

दुसरी गोष्ट, अर्ज. एक पान. काय काम करता, किती जणांसाठी, आता पैसा कुठून येतो, नेमकं काय कमी पडतंय, आणि आम्ही नाही दिलं तर काय होईल. हा शेवटचा प्रश्न समितीतल्या एका आजींनी घालायला लावला. अंगठा लावणाऱ्या आजी, पण प्रश्न बघा कसा. एका मंडळानं त्यापुढं लिहिलं होतं, "काही नाही, पुढच्या वर्षी करू." मंग आम्हीही म्हटलं, पुढच्या वर्षीच करा.

कागद बघायचे का? बघायचे. संस्थेची नोंदणी आहे का, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र आहे का, त्यावरचे विश्वस्त आणि आता काम बघणारी माणसं तीच आहेत का, मागच्या वर्षाचा तपासलेला हिशेब आहे का. यात लाजायचं काही नाही. बँक आपल्या गटाचं रजिस्टर उघडून बघते ना, तेव्हा ती लाजत नाही. पण कागद म्हणजे चाळणीचा पहिला हात. जिनं बोर्ड काढून नेला त्या संस्थेचे कागद सगळ्यात झकास होते, प्लास्टिकच्या फाइलमध्ये. आणि आमच्या गावच्या भजनी मंडळाची कसली नोंदणी नाही, पण टाळांचा हिशेब विचारा, पन्नास वर्षांचा तोंडपाठ. (त्यांनीही अर्ज केला होता, मृदंगासाठी. त्यांना नाही म्हटलं, आणि फराळाच्या स्टॉलवर डबा ठेवून वेगळी वर्गणी जमवून दिली. एकादशीला त्यांच्यासमोर बसायचं असतं बाई.)

खरं कळतं जाऊन बसल्यावर. एकदा सांगून जायचं, एकदा न सांगता. सांगून गेलं की चहा आणि हार मिळतो. न सांगता गेलं की चूल दिसते.

त्या वसतिगृहावर आम्ही चौघी संध्याकाळी सातला गेलो. हंगाम सुरू व्हायचा होता, नावं घेणं चालू होतं. तिथं काम बघणाऱ्या बाईंना विचारलं, काय कमी आहे? त्या आधी बिचकल्या. मंग म्हणाल्या, "ताई, ताटं नका देऊ. वह्या नका देऊ. स्वयंपाकाला बाई द्या, आणि तीच रात्री पोरींपाशी झोपणारी असली तर उपकार होतील." मुलगे राहायला येतात, मुली येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कारण रात्री तिथं बाईमाणूस नव्हतं. कोणती आई आठ वर्षांची पोर अशी ठेवून जाईल? बरोबर नेलेली परवडली, डोळ्यापुढं तरी राहते.

हे आम्ही सभेत मांडलं तेव्हा वाद झाला, आणि जोरात झाला. बायका म्हणाल्या, पगाराला पैसा द्यायचा? पगार म्हणजे खाण्याची वाट. वस्तू दिली तर वस्तू दिसते. आमची कोषाध्यक्ष तर रडकुंडीला आली, म्हणाली, ऑडिटला मी काय दाखवू, भाकरी? त्यावर ती एप्रिलवाली बाई, आता समितीत होती, हळूच म्हणाली, "भाकरीच दाखवा." सगळ्या हसल्या आणि मंग गप्प झाल्या.

अर्धा तास तरी कुणी हात वर करायला तयार नव्हतं. मी मुद्दाम बोलले नाही. आदल्या वर्षी मी बोलले होते आणि बारा भागिले झालं होतं.

आम्ही आधी स्वस्तातली वाट धरून पाहिली. ठरवलं, पगार नको, आपण पाळीनं जाऊ. रोज दोघी जणी, एक संध्याकाळी भाकरी करायला आणि दुसरी रात्री झोपायला. गावांच्या पाळ्या लावल्या, तक्ता केला, शाळेच्या भिंतीला चिकटवला. पहिला महिना सुरेख गेला. बायका ज्वारीची पायली घेऊन यायच्या, कुणी डाळ आणायची. दुसऱ्या महिन्यात कापूस वेचणी, तुरीची काढणी. कुणाची सासू आजारी, कुणाच्या नवऱ्याला रात्रीचं बाहेर झोपणं पटेना. एका रात्री कुणीच गेलं नाही. संस्थेच्या बाई स्वतः थांबल्या. त्यांनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून सांगते, फुकट सेवा किती दिवस टिकते हे स्वतःच्या शेताचं वेळापत्रक बघून ठरवा. जे काम रोज व्हायलाच पाहिजे, ज्याला एक दिवसाची सुट्टी चालत नाही, ते मोबदला देऊन कुणाला तरी सोपवावं. आपण पाळीनं जायचं ते इतर कामाला. आम्ही तातडीची सभा घेतली आणि त्याच गावातली एक विधवा बाई ठेवली. महिन्याला ४,००० रुपये, स्वयंपाक आणि रात्रीचा मुक्काम. संस्थेच्या हातात एकदम रक्कम दिली नाही. दोन महिन्यांचे ८,००० चेकनं द्यायचे, हजेरीचं आणि धान्याचं रजिस्टर बघायचं, मग पुढचे ८,०००. सहा महिन्यांचे २४,००० झाले. पाळीवरच्या बायका आता रविवारी जातात, पोरींच्या वेण्या घालतात, उवा काढतात, आयांना व्हिडिओ कॉल लावून देतात.

राहिले १२,०००. त्यातले ९,००० एका गावातल्या डब्याच्या कामाला दिले. तिथं एक संस्था एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा देते, ज्यांची मुलं-सुना फडावर गेलीत त्यांना. तिथं गॅस सिलिंडर आणि तेल कमी पडत होतं, धान्य नव्हे. ३,००० अडीअडचणीला ठेवले. ते ठेवाच. कधी ना कधी लागतात.

अभ्यासिकेला काही दिलं नाही. त्यांना नवीन कॉम्प्युटर हवा होता आणि असलेले दोन बंद पडलेले होते, दुरुस्तीवाला कुणी बोलावला नव्हता. एवढंच कारण.

डोळ्यांच्या शिबिराचं मात्र सांगायला पाहिजे. शिबिरवाल्यांनी १०,००० मागितले होते. मंडप, खुर्च्या, जेवण, बॅनर. आम्ही विचारलं, ऑपरेशन कुठं करणार? म्हणाले, सरकारी दवाखान्यात. अहो, मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफतच होतं, त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. मग आमच्या आज्या जात का नाहीत? आम्ही घरोघर विचारलं. कुणी म्हणालं, नेणारं कोण नाही. कुणी म्हणालं, म्हशीचं दूध कोण काढील. एक म्हणाली, डोळा काढून ठेवतात म्हणे. यातलं मंडपानं काय सुटणार होतं? आम्ही पैसे दिले नाहीत, माणूस दिला. समितीतल्या दोघी-दोघी आज्यांना घेऊन जिल्ह्याला गेल्या. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून तिकीट नाही, आणि आपल्याला २०२३ पासून अर्धं. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतात, चुलीच्या धुराला बसायचं नसतं. प्रत्येक आजीच्या शेजारची एक गटातली बाई ठरवून दिली, थेंब तिनं घालायचे. अकरा आज्या झाल्या. शिबिरवाले आमच्यावर नाराज आहेत. असू दे.

आता सगळ्यात अवघड. माझ्या दिराची संस्था आहे. त्यानं १,००० झाडं लावायचा अर्ज दिला. अर्ज वाचायला घेतला तेव्हा मी सभेतून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आमचा नियमच आहे, नात्यातला अर्ज निघाला की त्या बाईनं उठून जायचं, आणि इतिवृत्तात तसं लिहायचं. बाहेर बसले होते तरी आतलं ऐकू येत होतं, पत्र्याची खोली. आजींनीच विचारलं, लावणार कोण ते कळलं, मार्च ते मे पाणी कोण घालणार? अर्जात त्याचं काही नव्हतं. रोपं तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. नामंजूर झाला.

नाही म्हटल्यावर चिठ्ठी पाठवायची नाही, समितीतल्या दोघींनी जाऊन, बसून, कारण सांगायचं, असं आम्ही ठरवलंय. दिराकडं मी जाऊ शकत नव्हते. दुसऱ्या दोघी गेल्या. त्या वर्षी भाऊबीजेला तो घरी आला नाही. सासूबाई मला म्हणाल्या, बाहेरच्यांना भाकरी आणि घरच्याला धोंडा. मी काय बोलणार? त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. तुमच्यातल्या जी कुणी समितीवर जाईल तिच्या घरात हे होणार आहे. आधीच घरी सांगून ठेवा.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, हे तर सरकारचं काम, आपण का करायचं? प्रश्न बरोबर आहे. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ती वसतिगृहं तालुक्याच्या ठिकाणी. मोठ्या पोरांना आम्ही तिकडं जायला सांगतो, अर्ज भरून देतो. पण पहिली-दुसरीतलं लेकरू आई तालुक्याला ठेवत नाही, म्हातारीच्या हाकेच्या अंतरावर ठेवते. म्हणून गावातलं वसतिगृह. आणि त्याच्या खर्चाची मागणी आम्ही महिला ग्रामसभेत ठराव करून ग्रामसभेत मांडली आहे. पाठपुरावा चालू आहे. सरकारचा पैसा आला की आमची बाई तिकडून पगार घेईल, आम्ही आमचे २४,००० दुसरीकडं नेऊ. पण तोवर भाकरी थापायची कुणी?

मागच्या हंगामात तिथं २३ लेकरं होती, त्यात ९ मुली. पट्टा पडेपर्यंत २१ टिकली. एक मुलगा आजारी पडला म्हणून आईनं बोलावून घेतला. एका मुलीला बापानं जानेवारीत येऊन नेलं. का नेलं हे आम्ही लगेच जाऊन विचारायला पाहिजे होतं. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. ती यंदा आलेली नाही. तिचं नाव आम्ही रजिस्टरमधून काढलेलं नाही.

एप्रिलवाल्या बाईची पोरगी आता पाचवीत आहे.

अर्जाचा नमुना मी आणलाय, तुमच्या लिपिका ताईंकडं देते. झेरॉक्स काढून घ्या, तुमच्या गावाप्रमाणं प्रश्न बदला, आजींचा शेवटचा तेवढा ठेवा. आमची यंदाची सभा पुढच्या मंगळवारी आहे, बघायला यायचं असेल तर चार-पाच जणी या, जेवण आमच्याकडं. यंदा अर्ज सात आलेत. त्यात एक माझ्या दिराचा आहे. या वेळी झाडं २०० लिहिलीत, आणि पाणी घालणाऱ्या चौघांची नावं. मी बाहेर ओट्यावर असेन, तिथं भेटा.